शेतकऱ्याचा शिक्षक

(सातारा आणि सांगली हे कृष्णाकाठचे दोन जिल्हे. येथे पिके अनेक आहेत, तसे शेतीचे प्रश्नही अनेक आहेत. ते सोडवण्यासाठी शेतकऱ्याला जाणत्या मार्गदर्शकाची गरज असते. असा मार्गदर्शक कसा घडतो आणि तो होण्यासाठी कोणती तयारी लागते, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो,

"मोठेपणी तू कोण होणार?" हा प्रश्न तुम्हांला अनेकांनी विचारला असेल. कोणी डॉक्टर म्हणते, कोणी इंजिनिअर म्हणते, कोणी वकील म्हणते. "मी शेती शिकवणारा शिक्षक होणार," असे उत्तर मात्र फारसे ऐकू येत नाही. शेती शिकवायला शिक्षक कशाला हवा, असेच अनेकांना वाटते. बाप पेरतो, मुलगा पाहतो आणि शिकतो. हे खरे आहे. पण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे काय, ते आपण पाहू.

प्रथम आपल्या भागाचा नकाशा उघडा. कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते. वाईवरून ती कऱ्हाडला येते. तेथे तिला कोयना मिळते. पुढे सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा मिळते. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपासच असतो. पश्चिमेला डोंगरउतारावर भात आणि स्ट्रॉबेरी होते. नदीकाठच्या काळ्या जमिनीत ऊस, हळद, सोयाबीन डोलते. कोरेगावकडे वाघ्या घेवडा पिकतो. तासगाव भागात द्राक्षांचे मळे आहेत. पूर्वेला ज्वारी, बाजरी आणि डाळिंब. माती वेगळी, पाणी वेगळे, पीक वेगळे. मग एकाच्या शेतात जे चालले, ते दुसऱ्याच्या शेतात चालेलच असे नाही. बापाने मुलाला शिकवलेली शेती जुन्या पिकाला पुरते. नवे पीक, नवा रोग, नवे पाणी आले की ती अपुरी पडते.

आता एक जुनी गोष्ट ऐका. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगरापेक्षा तो जमिनीत खोल जाई. तरीही सुरुवातीला शेतकरी तो घेईनात. लोखंडामुळे जमीन विषारी होईल, अशी त्यांना भीती वाटे. नांगर चांगला होता. पण तो चांगला आहे हे शेतकऱ्याला पटायला काही काळ जावा लागला. पुढे १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला आणि हे नांगर गावोगाव पोहोचले.

हे नांगर विकण्याचे काम काही वर्षे एका तरुणाने केले. त्यांचे नाव भाऊराव पाटील. या कामासाठी ते खेडोपाडी फिरले. शेतकऱ्याचे दारिद्र्य आणि अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. नुसते अवजार देऊन भागणार नाही, शेतकऱ्याच्या मुलांना शिक्षण मिळाले पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. १९१९ साली त्यांनी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे सातारा हे संस्थेचे मुख्य ठिकाण झाले. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कष्ट करून शिकत. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना आजही प्रसिद्ध आहे. हातात खुरपे धरणारा विद्यार्थी पुस्तकही उत्तम वाचू शकतो, हे कर्मवीरांनी दाखवून दिले.

शेतीचे शिक्षण महाराष्ट्रात आणखी जुने आहे. १८७९ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात शेतकीचे वर्ग सुरू झाले. १९०७ साली तेथे स्वतंत्र कृषी महाविद्यालय झाले. १९६८ साली राहुरी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्याच्या दुःखाचे मूळ अविद्येत आहे, हे कळकळीने मांडले. त्यांचे नाव कृषी विद्यापीठाला शोभते.

या विद्यापीठाचे काम आपल्या दोन जिल्ह्यांतही चालते. फलटण तालुक्यात पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला ‘फुले २६५’ हा उसाचा वाण तेथलाच. मिरज तालुक्यात कसबे डिग्रज येथे हळद आणि सोयाबीन यांवर संशोधन होते. सोयाबीनच्या ‘केडीएस ७२६’ या वाणाच्या नावातील पहिली अक्षरे कसबे डिग्रजचीच आहेत. कऱ्हाडला कृषी महाविद्यालय आहे. शिरवळ येथे १९८८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाला जोडलेले आहे. म्हणजे शेतीविद्येचे घर आपल्यापासून फार दूर नाही.

मग शेतीच्या शिक्षकाचे नेमके काम कोणते? त्यासाठी एक उदाहरण घेऊ.

समजा, तुम्ही कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात आहात. या वर्षी विद्यार्थ्यांना काही महिने खेड्यात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागते. अशा मुलांना कृषिदूत आणि मुलींना कृषिकन्या म्हणतात. तुम्ही नदीकाठच्या एका गावी गेला आहात. एका शेतात ऊस पिवळा पडला आहे. बांधावर एक वृद्ध शेतकरी उभे आहेत.

"आबा, ऊस पिवळा का पडलाय?"

"पाणी कमी पडलं असंल, पोरा. आज मोटार सुरू करतो."

"आबा, पाणी कमी नाही, जास्त झालंय."

"शहाणा आहेस! अरे, पाण्याबिगर ऊस येतो होय?"

आता तुम्ही काय कराल? पुस्तकातील व्याख्या सांगितली, तर आबा हसतील आणि मोटार सुरू करतील. रागावून निघून आलात, तर तुमचे शिक्षण वाया गेले. येथेच शिक्षकाची परीक्षा असते.

या शेताला काय झाले आहे, ते आधी नीट समजून घेऊ. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा लवकर होत नाही. वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त पाणी दिले, की ते खाली साचत जाते आणि भूजलाची पातळी वर येते. या पाण्यात मातीतील क्षार विरघळलेले असतात. दिव्याच्या वातीतून जसे तेल वर चढते, तसे मातीच्या बारीक छिद्रांतून हे पाणी वर चढते. उन्हाने पाण्याची वाफ होते. क्षारांची मात्र वाफ होत नाही. ते जमिनीवरच राहतात. हळूहळू जमीन पांढरी दिसू लागते. शेतकरी म्हणतात, ‘मीठ फुटले.’ अशी जमीन क्षारपड झाली असे म्हणतात. पिकाच्या मुळांना हवा मिळत नाही. पाणी असूनही ते त्यांना शोषता येत नाही. प्रथम पीक पिवळे पडते, नंतर उतारा घटतो आणि शेवटी तेथे गवतही नीट उगवत नाही. कृष्णाकाठच्या मिरज, पलूस, वाळवा या तालुक्यांतील पुष्कळ चांगली जमीन अशी बिघडली आहे. ‘अति तेथे माती’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. येथे तर अति पाण्याने मातीच गेली.

हे आबांना कसे पटवाल? एक कुंडी घ्या. तिच्या तळाला छिद्र असू द्या. ती त्यांच्याच शेतातील कोरड्या मातीने भरा. एका ताटलीत मिठाचे पाणी घेऊन त्यात कुंडी ठेवा. वरून पाणी घालू नका. ताटलीतील पाणी आटले, की पुन्हा मिठाचे पाणी ओता. काही दिवसांनी कुंडीतील मातीवर पांढरा थर दिसू लागेल. मग आबांना बोलवा आणि विचारा, "आबा, वरून तर आपण काही टाकलं नाही. मग हे मीठ आलं कुठून?" उत्तर आबाच देतील. स्वतः शोधलेले उत्तर माणूस सहसा विसरत नाही.

त्यानंतर उपायांविषयी बोलता येते. आधी मातीचे परीक्षण करावे. त्यासाठी शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा, वीतभर खोल खड्डा घ्यावा. खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्यावी. सगळी माती एकत्र मिसळावी. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावे. अर्धा किलो माती उरेपर्यंत असेच करावे आणि ती प्रयोगशाळेत पाठवावी. तेथे मातीचा सामू आणि क्षारांचे प्रमाण कळते. जमीन नुसती क्षारयुक्त असेल, तर निचऱ्याची सोय करून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढता येतात. काही ठिकाणी जमिनीखाली सुमारे एक मीटर किंवा अधिक खोलीवर छिद्रे असलेले पाइप पुरतात. त्यांतून जादा पाणी आणि क्षार बाहेर जातात. जमीन चोपण असेल, तर जिप्सम घालावे लागते. दोन्ही रोग दिसायला सारखे. औषध मात्र वेगळे. नीट न तपासता केलेला खर्च पाण्यात जातो. ठिबक सिंचनाने बेताचे पाणी दिले, तर चांगली जमीन बिघडण्यापासून वाचते.

एक गोष्ट लक्षात घ्या. पाइप एकट्याच्या शेतात टाकून काम होत नाही. ते पाणी शेजाऱ्याच्या शेतातून पुढे ओढ्यापर्यंत न्यावे लागते. म्हणजे चार शेजाऱ्यांना एकत्र बसवावे लागते. जमिनीवरून भांडण असलेल्यांनाही बोलते करावे लागते. शेतीच्या शिक्षकाला मातीबरोबर माणसेही वाचता आली पाहिजेत. म्हणूनच कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र, उद्यानविद्या, कीटकशास्त्र यांच्याबरोबर ‘विस्तार शिक्षण’ हा विषय असतो. ज्ञान शेतकऱ्यापर्यंत कसे न्यावे, हे त्यात शिकवतात.

आता या वाटेची माहिती घेऊ. दहावीनंतर कृषी विद्यालयात पदविका घेता येते. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाल्यावर, राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा देऊन कृषी पदवीला प्रवेश मिळतो. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. कृषी महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे असेल, तर पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते आणि ‘नेट’ ही पात्रता परीक्षा द्यावी लागते. पुष्कळजण पीएच.डी.ही करतात. कृषी विद्यालयात, कृषी विज्ञान केंद्रात आणि शासनाच्या कृषी विभागातही कामाची संधी असते. पदवी मिळाली की नोकरी दारात उभी राहते, असे मात्र समजू नका. जागा मर्यादित असतात आणि स्पर्धा मोठी असते. परंतु माती परीक्षण, रोपवाटिका, पीक सल्ला अशी कामे स्वतःच्या हिमतीवरही करता येतात. घरी शेती नसली तरी बिघडत नाही. चिखलात उतरण्याची तयारी आणि निरीक्षणाची सवय हवी. मुलींसाठीही ही वाट तितकीच मोकळी आहे. शेतातील निंदणी, खुरपणी, वेचणी बायकाच करतात. कृषिकन्येपुढे त्या मोकळेपणाने बोलतात.

तुमच्यापैकी काहींना वाटेल, "आम्ही उर्दू माध्यमात शिकतो. आम्हांला हे कसे जमेल?" पदवीची पुस्तके इंग्रजीत असतात, घरी आपण उर्दू किंवा दखनी बोलतो आणि शेतकऱ्याशी बोलायचे मराठीत. तीन भाषांचे हे ओझे नाही, ती तीन अवजारे आहेत. शिवाय शेतीची मराठी तुम्हांला वाटते तेवढी परकी नाही. ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. ‘जिरायत’ हा शब्द ‘जिराअत’वरून आला. ‘मशागत’ हे ‘मशक्कत’चे मराठी रूप. ‘हंगाम’, ‘बागायत’, ‘जमीन’, ‘मजूर’ हेही तसेच. रोपाला ‘कलम’ करतात आणि लिहितातही कलमानेच. सांगलीचा ‘बेदाणा’ प्रसिद्ध आहे. ‘बेदाणा’ म्हणजे दाणा, अर्थात बी नसलेला! शेतकऱ्याच्या बांधावर हे शब्द कित्येक पिढ्या एकत्र नांदत आहेत.

तेव्हा मराठीचा हा तास केवळ परीक्षेतील गुणांसाठी आहे, असे मानू नका. द्राक्षावरील केवडा रोगासाठी बोर्डो मिश्रण कसे करावे, हे तुम्हांला उत्तम येत असेल. पण एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे साध्या मराठीत, न अडखळता सांगता आले नाही, तर त्या ज्ञानाचा बागेला काय उपयोग? प्रमाण ऐकण्यात चूक झाली, तर पाने करपतील आणि शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न बुडेल.

मित्रांनो, जमीन वाढवता येत नाही. आहे ती मात्र राखता येते. शाळेच्या वाटेवर एखादे पांढरे पडलेले शेत दिसले, तर क्षणभर थांबा. ते असे का झाले, याचा विचार करा. तेथील शेतकऱ्याशी दोन शब्द बोला. कदाचित तुमचे पुढचे शिक्षण तेथूनच सुरू होईल.

शब्दार्थ

निचरा – पाणी वाहून किंवा झिरपून जाणे
क्षारपड – जास्त क्षारांमुळे नापीक झालेली
चोपण – ओली असताना चिकट आणि वाळल्यावर कडक होणारी, सोडियम जास्त असलेली जमीन
सामू – माती आम्ल आहे की अल्क, हे दाखवणारा आकडा
उतारा – पिकाचे मिळणारे उत्पन्न
वाण – पिकाची जात
बांध – दोन शेतांमधील मातीची उंच हद्द
अविद्या – शिक्षणाचा अभाव
मोरचूद – निळ्या रंगाचे तांब्याचे लवण, नीलाथोथा

वाक्प्रचार

वाया जाणे – उपयोग न होणे
पाण्यात जाणे – फुकट जाणे
एकत्र नांदणे – मिळूनमिसळून राहणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कृष्णा नदीला वारणा नदी कोठे मिळते?
(आ) रयत शिक्षण संस्थेची स्थापना कोठे व केव्हा झाली?
(इ) महात्मा फुले यांचे मूळ गाव कोणते?
(ई) पाडेगाव येथे कोणत्या पिकाचे संशोधन होते?
(उ) ‘बेदाणा’ या शब्दाचा अर्थ काय?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) सुरुवातीला शेतकरी लोखंडी नांगर घेत नव्हते.
(आ) जमिनीवर मीठ फुटते.
(इ) निचऱ्याचे पाइप एकट्याच्या शेतात टाकून काम होत नाही.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) परीक्षणासाठी मातीचा नमुना कसा घ्यावा?
(आ) शेतीच्या शिक्षकाला मराठी चांगली का यावी लागते?
(इ) आबांना तुम्ही आणखी कोणत्या प्रकारे समजावून सांगाल?

प्र. ४. जोड्या लावा.
(१) किर्लोस्करवाडी – (अ) पशुवैद्यक महाविद्यालय
(२) कसबे डिग्रज – (आ) लोखंडी नांगर
(३) शिरवळ – (इ) स्ट्रॉबेरी
(४) महाबळेश्वर – (ई) हळद आणि सोयाबीन

भाषाभ्यास

(अ) आबा म्हणतात, "पाण्याबिगर ऊस येतो होय?" हे वाक्य बोलीभाषेतील आहे. ते प्रमाण मराठीत लिहा.
(आ) पाठात आलेले, उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधा. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा. उर्दूत आणि मराठीत अर्थ बदलला असल्यास तो सांगा.
(इ) अनेकवचन लिहा : कुंडी, शेत, वाण, मूळ, मळा.

उपक्रम

पाठातील कुंडीचा प्रयोग वर्गात करा. रोज काय दिसले, ते तारखेसह मराठीत वहीत लिहा. जवळच्या एका शेतकऱ्याला भेटून त्यांच्या शेतातील माती, पाणी आणि पीक यांविषयी दहा प्रश्न विचारा. त्यांची उत्तरे वर्गात वाचून दाखवा.